तिथी पाहून समुद्रावर: वेसावे, दादर, जुहू

मुंबईच्या किनाऱ्यावर फोटो काढायला निघणारे बहुतेक जण सूर्यास्ताची वेळ पाहून निघतात. किनारा मात्र भरती-ओहोटीवर चालतो. वाळू किती उघडी पडेल, माणसं दाटीने बसतील की पांगतील, होड्या आत येतील की बाहेर थांबतील, चणेवाला पाण्याच्या कडेने फिरेल की पायऱ्यांशीच उभा राहील, हे सगळं पाणी ठरवतं. कोकणातला जुना हिशेब इथे अजून कामाला येतो. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण, आणि दुसऱ्या दिवशी सगळं साधारण पन्नास मिनिटांनी पुढे. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक पाहावंच. पण महिन्याभराचा बेत आखायला भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, आणि मुंबईत नेमकी संध्याकाळी सहाच्या आसपास वाळू सगळ्यात रुंद होते. अष्टमीला भांग असतो. चढ-उतार कमी, आणि भरती पूर्ण व्हायची वेळ गर्दीच्या वेळेवर येते. म्हणजे रविवारची तीच गर्दी पौर्णिमेला पसरलेली दिसते आणि अष्टमीला चिंचोळ्या पट्टीत कोंबलेली. दोन्हींत फोटो वेगळे मिळतात. कोणते हवेत ते आधी ठरवावं.

ही फेरी माघी पौर्णिमेला धरून शुक्रवार ते सोमवार अशी आखलेली. पौर्णिमा रविवारी, आणि तो महिन्याचा पहिला रविवार. उधाण, सुट्टी आणि नुकताच झालेला पगार एकाच दिवशी आले. सूर्योदय सातच्या थोडा नंतर, सूर्यास्त साडेसहाला.

सामान थोडंच. एक कॅमेरा, त्यावर २८ मिमीची लेन्स (सेन्सर लहान असेल तर १८ मिमी), पिशवीत एक ५० मिमी, दोन बॅटऱ्या, एक छोटा फ्लॅश. लांब पल्ल्याचा झूम घरी ठेवावा. किनाऱ्यावरच्या हवेत खाऱ्या पाण्याचा धुरळा असतो, त्यातून पन्नास मीटरवरचा माणूस फिका आणि सपाट दिसतो. त्याहून मोठं कारण असं की लांबून रोखलेली लेन्स समोरच्याला पाळतीसारखी वाटते, आणि ती तशीच असते. लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर, एक फुंकणी, दोन मऊ कापडं, गोड्या पाण्याची छोटी बाटली आणि चेनची प्लास्टिक पिशवी, एवढं झालं की निघावं.

फोकसची खटपट किनाऱ्यावर करू नये. २८ मिमीची लेन्स एफ ८ ला (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप) अडीच मीटरवर लावून ठेवली की फुल फ्रेम कॅमेऱ्यावर साधारण १.४ मीटरपासून १० मीटरपर्यंत सगळं नीट येतं. ३५ मिमी असेल तर हाच पट्टा १.७ ते जेमतेम ५ मीटर इतका आखडतो. अडीच मीटर म्हणजे वाळूत अंथरलेली एक चटई आणि वर एक पाऊल. हे अंतर डोळ्यात बसलं की कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी फोटो ठरलेला असतो.

शुक्रवार: वेसावे कोळीवाडा

मेट्रोच्या वर्सोवा स्थानकावर उतरून लगेच कोळीवाडा येतो असं समजू नये. तिथून पुढे रिक्षा लागते. रिक्षावाल्याला ‘वर्सोवा बीच’ सांगितलं तर तो भलत्याच टोकाला सोडतो. ‘वेसावा कोळीवाडा, बंदर’ म्हणावं.

शुक्रवारी भरती दहाच्या सुमारास होती. खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला असल्यामुळे भरलेल्या होड्या पाणी चढल्यावरच आत येतात, म्हणून आठ ते दहा ही बंदरावरची खरी वेळ. इथली बरीच मासेमारी डोल जाळ्याची आहे. डोल म्हणजे प्रवाहाच्या तोंडावर पक्कं बांधलेलं पिशवीसारखं लांबलचक जाळं. मासा जाळ्याकडे ओढत आणायचं काम वाहतं पाणी करतं, म्हणून उधाणात धंदा जोरात आणि भांगात मंद. अष्टमीला इथे आलात तर होड्या ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला पसरलेली आणि माणसं निवांत दिसतील. तेही फोटोचं काम आहे, पण वेगळं. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात यांत्रिक होड्या मासेमारीला जात नाहीत.

होडी लागली की पहिली पंधरा मिनिटं कॅमेरा खाली ठेवावा. टोपल्या उतरतात, बर्फ फुटतो, लिलाव सुरू होतो. लिलावात मधे उभा राहिलेला माणूस म्हणजे अडचण. भिंतीकडे किंवा होडीच्या नाळेकडे (पुढच्या टोकाकडे) सरकून उभं राहावं आणि खलाशांची ये-जा कुठून होते ते बघावं. ती वाट सोडून कुठेही उभं राहिलं तर कुणी हटकत नाही. जमीन मासळीच्या पाण्याने बुळबुळीत असते, त्यामुळे रबरी तळाचे बूट हवेतच. चप्पल घालून आलेला माणूस पाय सांभाळण्यातच गुंततो.

नंतर बायका निवडायला बसतात: बोंबील एकीकडे, मांदेली, वाकट्या, कोळंबी, जवळा. इथे विचारल्याशिवाय चेहरा घेऊ नये. ‘मावशी, नुसत्या हातांचा काढू का?’ असं विचारलं की बहुधा होकार येतो, आणि दहा मिनिटांनी मावशी स्वतःच मान वर करतात. नकार आला तर कॅमेरा बंद करून पुढे व्हायचं. दुसऱ्या कोपऱ्यातून चोरून काढलेला फोटो संपूर्ण बंदराला दिसतो आणि तुमचा दिवस तिथेच संपतो. निवडणारे हात घ्यायचे तर वरून न घेता त्यांच्याच उंचीवर बसून घ्यावेत. वरून काढला की ढीग दिसतो, काम दिसत नाही. ओली मासळी चकाकते आणि कॅमेऱ्याचं मोजमाप फसवते. तिच्यामुळे फोटो काळपट येतो, म्हणून ०.७ ते १ स्टॉप जास्त प्रकाश द्यावा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड).

बोंबील सुकवायच्या जागेवर सकाळी जायची घाई नको. वाळूत बांबू रोवून त्यांना दोऱ्या बांधतात, ती वलांडी. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. ना गाठ, ना आकडा. सरावाच्या हाताला एका जोडीला दोन-तीन सेकंद पुरतात. एका हाताच्या बोटाने जबडा उघडतो, दुसऱ्या हातातला त्यात सरकतो, आणि मनगटाचा एक हलका झटका. हा झटका पकडायला १/५०० सेकंद लागतो. १/१२५ ला बोटं पुसट येतात आणि नेमकं तेच बघायचं असतं.

ताजा बोंबील अर्धपारदर्शक असतो. ऊन मागून आलं की आतला काटा दिसतो. असं ऊन दुपारी चारनंतर समुद्राकडून येतं, म्हणून वलांडीचे फोटो संध्याकाळचे. पाठ जमिनीकडे, तोंड समुद्राकडे, आणि उजेडाचं मोजमाप बोंबलावर. आकाश पांढरं पडलं तर पडू द्यावं. बोंबील तीन-चार दिवस सुकतो, पहिल्या दिवशीचा आणि तिसऱ्या दिवशीचा रंग, जाडी, पारदर्शकता सगळं बदलतं. जवळजवळच्या दोऱ्यांवर वेगवेगळ्या दिवसांचा माल असला तर एकाच चौकटीत आठवडा सापडतो.

शेजारचा उघडा किनारा म्हणजे वकील अफरोज शाह यांच्या स्वच्छता मोहिमेचा. ऑक्टोबर २०१५ मध्ये ती सुरू झाली, २०१६ साली संयुक्त राष्ट्रांनी शाह यांचा गौरव केला, आणि मार्च २०१८ मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात गेली. तरीही उधाणाची भरती प्लास्टिक आणून टाकतेच. ती कचऱ्याची ओळ भरती कुठवर चढली होती हे नेमकं दाखवते. फोटोतून काढून टाकू नका.

लेन्सवर मासळीचं पाणी उडालं तर कोरड्या कापडाने पुसू नका. त्यात तेल आणि खवल्यांचे कण असतात, काचेवर ओरखडे पडतात. आधी फुंकणी, मग गोड्या पाण्याने ओलावलेलं कापड, मग कोरडं.

शनिवार: दादर ते माहीम

दादरला भरतीच्या वेळी जायचं. शनिवारी ती साडेदहा-पावणेअकराला होती. इथली वाळू बरीच धुपलेली आहे. उधाणाच्या भरतीत पाणी बऱ्याच ठिकाणी भिंतीला लागतं, आणि वाळूवर बसणारी माणसं पायऱ्यांवर आणि कठड्यावर येतात. क्रिकेट खेळणारी पोरं खेळपट्टी दर दहा मिनिटांनी मागे सरकवतात. शेवटी तीन स्टंप आणि भिंत यांत जेमतेम बारा पावलं उरतात आणि खेळ चालूच असतो. हा सगळा प्रकार तासाभरात घडतो. एका जागी पाय रोवून, तीच चौकट ठेवून, दर दहा मिनिटांनी एक फोटो काढावा. सहा फोटोंची ओळ मिळते आणि मथळ्याची गरज राहत नाही. कठड्यावर पाण्याची बाटली ठेवून जागेची खूण करावी, नाहीतर माणूस नकळत सरकत जातो आणि ओळ जुळत नाही.

पूर्वेला इमारतींची रांग आहे. ऊन वाळूवर उतरायला जानेवारी-फेब्रुवारीत साडेआठ-नऊ होतात, त्याआधीचा उजेड निळसर सावलीचा. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर सोडला तर कॅमेरा त्या सावलीचा निळेपणा काढायला जातो आणि तिला पिवळी करतो. एका आकड्यावर, साधारण ५६०० केल्व्हिनला, बांधून टाकावा आणि बाकीचं रॉ फाइलवर (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलवर) सोडावं.

चैत्यभूमी याच किनाऱ्यावर. ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर इथे अंत्यसंस्कार झाले. ६ डिसेंबरला लाखो माणसं येतात, त्यांतली विदर्भ-मराठवाड्याच्या आतल्या गावांतून आलेली कितीतरी समुद्र पहिल्यांदाच पाहतात. एरवीच्या शनिवारीही बाहेरगावची कुटुंबं दर्शन घेऊन थेट पाण्याकडे वळतात. लुगड्याचा काठ वर उचलून घोट्यापर्यंत पाण्यात उभी असलेली आजी, हातात चपला, डोळे क्षितिजावर. अशा वेळी समोर जाऊन कॅमेरा रोखू नये. बाजूने, दोन-तीन पावलांवरून, पाय आणि पाणी एकत्र येईल असा घ्यावा आणि मग जवळ जाऊन दाखवावा. आत स्मारकात कॅमेरा काढण्याआधी तिथल्या स्वयंसेवकांना विचारावं.

दुपारी माहीमच्या रेतीबंदराकडे. दादर-माहीम पट्ट्यात रिक्षा चालत नाहीत, टॅक्सी, बस किंवा पाय. साडेचारनंतर पाणी उतरलं की वांद्रे-वरळी सी लिंकचा पूल समोर ठेवून सगळा जमाव वाळूत येतो: फुटबॉल, कुत्री, झोपलेले कामगार, भिंतीला टेकलेली जोडपी. जोडप्यांचे चेहरे घेऊ नयेत. शहरात निवांत बसायला दुसरी जागा नसलेली ही मुलं-मुली आहेत, आणि एखादा फोटो घरी पोहोचला तर त्याची किंमत बहुतेक वेळा मुलीला मोजावी लागते. पाठमोरे, छत्रीआडचे, दुपट्ट्याखालचे घेतानाही शंका आली तर सोडून द्यावेत.

सी लिंकचं आणखी एक. तो चौकटीत आला की डोळा त्याच्याकडेच जातो आणि पुढची माणसं सजावट होऊन बसतात. पूल डोक्यांच्या मागे किंवा चौकटीच्या वरच्या कडेला दाबून ठेवावा. शहर कोणतं ते कळण्यापुरता तेवढा पुरे.

रविवार: जुहू, सकाळ ते रात्र

ही सहलीची मुख्य जागा, म्हणून दिवसभर इथेच.

सकाळी सात ते नऊ चालणारे, योग करणारे, टेनिस बॉल क्रिकेटचे संघ. नऊपर्यंत पाणी बरंच चढलेलं असतं, अकरा-साडेअकराला भरती पूर्ण, आणि त्या वेळात वाळूवर फारसं काही नसतं. स्टॉलवाल्यांच्या तयारीसाठी मात्र हीच वेळ नामी: कांद्याची पोती, बर्फाच्या लाद्या, उकडलेल्या बटाट्यांचे टोप, चिंचेच्या पाण्याची पिंपं. मागच्या बाजूला जाऊन विचारलं तर आत घेतात. भेळेचा कांदा चिरणारा पोरगा सुरीकडे बघतच नाही. त्याचे हात १/२५० ला पुरतात.

गर्दी तीननंतर वाढते. गोवंडी-मानखुर्दहून हार्बरने येऊन वडाळ्याला गाडी बदलायची, सांताक्रूझ नाहीतर विलेपार्ल्याला उतरायचं, तिथून बस किंवा चालत. नालासोपारा-विरारचे थेट पश्चिम रेल्वेने. म्हणजे एका कुटुंबाचा जाण्या-येण्यात तीन-चार तासांचा दिवस. म्हणून ती माणसं तासाभरात उठत नाहीत, आणि फोटो काढणाऱ्यानेही तासाभरात गुंडाळू नये.

जागा एकच धरावी. स्टॉलच्या ओळीतून समुद्राकडे पाहिल्यावर, चटईवाला जिथे चटयांची गुंडाळी रोवतो तिथून पाण्याकडे सरळ रेषेत साठ पावलं. या पट्ट्यात चाळीस मिनिटं उभं राहिलं की पहिल्या दहा मिनिटांत सगळे तुमच्याकडे बघतात, पुढच्या दहांत पोरं ‘काका, एक काढा ना’ म्हणत घेरतात, आणि नंतर कुणाला तुम्ही दिसत नाही. पोरांना टाळू नये. त्यांचा रांगेतला, हात उंचावलेला फोटो मनापासून काढावा, स्क्रीनवर दाखवावा. त्यांनी नजर वळवल्यावरचा फोटो वेगळाच येतो. जुहूवरून विमान उडालं की ती सगळी एकदम वर पाहतात. उड्डाणं ठरावीक अंतराने होत असल्यामुळे पुढच्या विमानाची तयारी ठेवता येते. अशा वेळी कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, विमान चौकटीबाहेर.

पाण्यात जाणाऱ्या कुटुंबांकडे नीट पाहिलं की प्रत्येकाचा एक राखणदार सापडतो. बाकी सगळे पाण्यात, आणि एक आजोबा, मावशी किंवा नवी सून चटईवर, समोर चपलांचा ढीग. चपला एकात एक खोचलेल्या, त्यांवर घड्याळ, पाकीट, मोबाइल रुमालात गुंडाळलेला, वरून ओढणी. राखणदार समुद्राकडे पाहत नाही, ढिगाकडे आणि पाण्यातल्या डोक्यांकडे आळीपाळीने पाहतो. अख्ख्या कुटुंबाची मोजणी त्याच्याकडे. हा फोटो २८ मिमीने, बसून, चपला पुढे आणि पाण्यातली माणसं दहा मीटरच्या आत असतानाच घ्यावा; त्यापलीकडे गेली की फोकसच्या पट्ट्याबाहेर पडतात आणि ओळखू येत नाहीत. पौर्णिमेच्या ओहोटीत पाणी लांब जातं, त्यामुळे हा फोटो साडेतीन-चारलाच मिळतो, पाचनंतर नाही.

ओल्या कपड्यांतल्या बायकांचे फोटो काढायचे नाहीत. साडीतली, सलवार-कमीजमधली बाई मैत्रिणींचे हात धरून लाटेला सामोरी जाते, तेव्हाचा तिचा आनंद खरा असतो आणि तो तिचा असतो. हातांची साखळी पाठीमागून, दुरून, ओळख न पटेल अशी घेता येते. उघड्या अंगाने आंघोळ करणारी लहान मुलं पूर्णच वगळावीत. या गोष्टी नंतर संगणकावर ठरवू म्हटलं तर उशीर झालेला असतो. ज्याचा फोटो आहे त्याने कॅमेरा आधीच पाहिलेला असतो.

उजेडाचं गणित असं. चारला लख्ख ऊन: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, एफ ८, १/८०० च्या आसपास. साडेपाचला सूर्य समोर येतो आणि स्टॉलकडे पाठ करून उभ्या माणसाला सगळे चेहरे काळे दिसतात. इथे बहुतेक जण हार मानून छायाकृती काढत सुटतात. शंभर छायाकृतींत माणूस एकही सापडत नाही: कपडा कळत नाही, वय कळत नाही, हातात काय आहे ते कळत नाही. उपाय ओल्या वाळूत आहे. उधाणाच्या ओहोटीत मागे सरलेलं पाणी मैदानभर पातळ थर सोडून जातं आणि तो थर आकाशाचा उजेड खालून वर फेकतो. कोरड्या वाळूवरून वीस पावलं पुढे ओल्यात गेलं की तोच चेहरा हनुवटीपासून उजळतो. १ ते १.३ स्टॉप जास्त द्यावा, सूर्य कुणाच्या तरी डोक्यामागे दडवावा, आणि फिल्टर पुसलेला असावा. खाऱ्या धुरळ्याने काचेवर पातळ थर बसतो. तो नुसत्या डोळ्याला दिसत नाही, पण सूर्य समोर आला की संपूर्ण फोटो दुधाळ होतो. दर अर्ध्या तासाला ओलं कापड, मग कोरडं.

मोबाइलवर काढत असाल तर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, उजेड आणि फोकस बांधला जातो, मग पट्टी जरा वर सरकवा. बोट न लावता काढला तर मोबाइल आकाश वाचवायला जातो आणि माणूस बुडवतो.

क्षितिज वाकडं येणं हा किनाऱ्यावरचा नेहमीचा दोष. वाळूचा उतार पायांना सपाट वाटतो, शरीर त्या उताराला काटकोनात उभं राहतं आणि हातही तिरके होतात. पडद्यावर रेघांची जाळी चालू ठेवावी. ओहोटीच्या वेळी क्षितिज लोकांच्या मानेतून जातं तेही टाळावं. दोन इंच खाली बसलं की डोकी आकाशात येतात.

सूर्यास्तानंतर लोक उठतील असं वाटतं, पण जुहूची रात्र तेव्हा सुरू होते. उडवायची चमकती खेळणी, फुग्यांवर छर्ऱ्याची बंदूक, हाताने फिरवायचे पाळणे, सायकलवरचा चहा. साडेसहा ते सात या वेळात आकाश आणि स्टॉलचे दिवे तोलात येतात. फ्लॅशवर नारंगी जिलेटिनचा तुकडा चिकटवावा, नाहीतर माणूस निळसर-पांढरा आणि मागचं सगळं पिवळं असं दोन वेगळ्या फोटोंसारखं दिसतं. आयएसओ ८००, एफ ४, १/३०, फ्लॅश १/६४ ताकदीवर, माणूस दोन मीटरवर. फ्लॅशने चेहरा फक्त उचलायचा, झोडपायचा नाही. डोळ्यांवर फ्लॅश मारायचा तर आधी सांगावं. लहान बाळ आणि पाळण्यावर फिरणारी पोरं असतील तर वापरूच नये.

कणीसवाल्याजवळ मात्र फ्लॅश बंद. त्याची शेगडी, कोळशाचा लाल उजेड, एका हातात पंखा, दुसऱ्या हाताने कणीस फिरवणं. पंखा हलला की ठिणग्या उडतात आणि त्याचा चेहरा क्षणभर उजळतो, पंखा थांबला की विझतो. लय पकडायची: साधारण पाच-सहा वेळा पंखा, मग कणीस फिरवणं. पंख्याच्या तिसऱ्या-चौथ्या फटक्याला निखारा सगळ्यात तेज असतो. आयएसओ ३२००, एफ २.८, १/१२५, मोजमाप चेहऱ्यावर. मग लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून दाण्यांवर घासतो. तो फोटो ५० मिमीने, एक मीटरवरून, बोटांवर फोकस.

यातल्या बऱ्याच फेरीवाल्यांकडे परवाना नसतो. कारवाईची गाडी आली की माल घेऊन पळतात ते त्यामुळे. त्यांचा चेहरा, नेमकी जागा आणि रोजची वेळ एकत्र छापली तर त्याचा त्रास त्यांनाच होतो. फोटो प्रसिद्ध करताना यातली एक तरी गोष्ट सोडून द्यावी. ड्रोन आणू नये: विमानतळ आणि जुहूची धावपट्टी शेजारीच आहे.

सोमवार: जुहू पहाटे, आणि प्रिंट

सोमवारी सकाळची ओहोटी सहाच्या आसपास. उजाडताना वाळू पुन्हा रुंद, रात्रीच्या भरतीने पुसून काढलेली, आणि भरतीच्या रेषेवर रविवारचा माल: पत्रावळ्या, आइस्क्रीमच्या काड्या, एकेरी चपला, फुटके फुगे, निर्माल्य. सफाई कामगार दाताळी आणि घमेली घेऊन ओळीने येतात, मागून ट्रॅक्टर. ओळ चालत असते, म्हणून पुढे जाऊन थांबावं आणि ती आपल्यापर्यंत येऊ द्यावी. पाठीमागून पळत काढलेल्या फोटोत सगळ्यांच्या पाठीच येतात. उजेड कमी असतो, आयएसओ १६००, एफ २.८, १/२५० च्या खाली उतरू नये, कारण दाताळं वेगाने फिरतं.

सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले; २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं काम पाहिलं की एक कळतं: कचऱ्याचा फोटो आणि कचरा उचलणाऱ्या माणसाचा फोटो यांत अंतर आहे, आणि ते कॅमेऱ्याच्या उंचीवर आणि माणसाशी झालेल्या बोलण्यावर ठरतं. ‘दादा, सुट्टी किती वाजता?’ एवढ्या प्रश्नाने सुरुवात होते. चहाच्या सुट्टीत, दाताळी वाळूत उभी रोवून बसलेली माणसं, हातमोजे काढलेले, हा फोटो कामाच्या फोटोइतकाच महत्त्वाचा.

कॅमेऱ्याला वास येईपर्यंत काम झालं की तो थेट एसी गाडीत उघडा घेऊन बसू नये. बंद पिशवीत ठेवावा. गार झालेला कॅमेरा परत दमट हवेत काढला तर काच धुरकट होते आणि वीस-तीस मिनिटं काही करता येत नाही. चालू कामात लेन्स बदलायची तर वाळूवर नाही, स्टॉलच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून. फोकसच्या कड्यात करकर आवाज आला तर जोर लावून फिरवू नका. फुंकणी मारत उलटं धरून झटका, तेवढ्याने गेलं नाही तर दुरुस्तीवाल्याकडे. घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या ओल्या कापडाने बाहेरून पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात. मुंबईत ही एक सवय चुकली की पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी दिसते.

निवड त्याच दुपारी करावी, आठवण ताजी असताना. चार दिवसांत सहाशे-सातशे फोटो होतात. पहिल्या चाळणीत चाळीस, मग छोटे प्रिंट टेबलावर पसरून बारा-पंधरा. प्रत्येक फोटोला चार गोष्टी: जागा, वेळ, तिथी आणि पाण्याची स्थिती, आणि माणूस काय करतो आहे. ‘जुहू, दु. ३.५०, माघ पौर्णिमा, ओहोटी, चपला राखणारी मावशी’ अशी नोंद दहा वर्षांनी किनाऱ्याची रुंदी सांगेल. ‘समुद्रकिनारी संध्याकाळ’ या नोंदीतून काही कळत नाही. नाव फक्त विचारून घेतलं असेल तरच.

मग प्रिंट. ज्यांनी उभं राहू दिलं त्यांना ४ बाय ६ इंचाचा एक एक प्रिंट द्यायचाच, आणि तोही त्यांना आवडेल असा. आपल्या निवडीतला फोटो त्यांना बहुधा नको असतो. कणीसवाल्याला निखाऱ्यातला अर्धा अंधारातला चेहरा नको, गाडीपुढे ताठ उभा राहिलेला हवा, म्हणून तो रविवारीच काढून ठेवलेला असावा. चटईवाल्याला मुलासोबतचा. सफाईच्या दादांना सगळ्या गटाचा, आणि त्याच्या माणशी एक याप्रमाणे प्रती, नाहीतर एकाच्या हातात राहतो. प्रिंट प्लास्टिकच्या पाकिटात घालून द्यावेत. वाळूतल्या हातांनी तासाभरात खराब होतात.

पुढचा रविवार सप्तमी-अष्टमीचा. भरती साडेपाच-सहाला, सूर्यास्त साडेसहाला, आणि स्टॉलपासून पाण्यापर्यंत उरलेली वाळू पौर्णिमेच्या मानाने अगदी थोडी. त्या दिवशी चपलांचे ढीग एकमेकांना लागून असतील आणि राखणदार शेजारी शेजारी. जागा तीच, लेन्स तीच, आणि नोंदवहीत पौर्णिमेच्या ओळीखालीच ती ओळ.